राजा केळकर म्युझियम, पुणे: सहावीची पोरं घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा

पाचपैकी पाच स्टार दिलेत. का दिलेत हे सांगायला जरा वेळ लागणार आहे, कारण मी इथे पोरांना घेऊन दोनदा गेलीये आणि पहिल्या वेळेला आमच्या हाती काहीच लागलं नव्हतं, त्यात म्युझियमचा काडीचाही दोष नव्हता, दोष आमच्या नियोजनाचा होता.

मी कराडजवळच्या एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमची सहल पुण्याला गेली तेव्हा एका ट्रॅव्हलवाल्याचं पॅकेज घेतलं होतं, एका दिवसात पाच ठिकाणं, पहाटे चारला बस निघाली, अर्धी पोरं वाटेत उलट्या करून गळून गेलेली आणि केळकर म्युझियमच्या वाट्याला आली पस्तीस मिनिटं. त्या ट्रॅव्हलवाल्याचा माणूस बाहेर शिट्टी वाजवत उभा. पोरं रांगेने आत गेली, रांगेने बाहेर आली. बसमध्ये विचारलं काय काय पाहिलं रे, तर सगळ्यांचं एकच उत्तर, "मॅडम, जुन्या वस्तू". मला ते फार लागलं. वीस हजारांच्या वर वस्तू एका माणसाने आयुष्य घालून गोळा केल्या, आणि तिथून माझी पोरं दोन शब्द घेऊन परत आली.

दुसरी गोष्ट जी मला कित्येक वर्षं खुपत होती ती म्हणजे वर्गातला तक्ता. 'शोध आणि संशोधक' असा विकतचा तक्ता असतो ना, एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला माणसाचं नाव, मध्ये साल. विजेचा दिवा, एडिसन, १८७९. पोरं पाठ करतात, जोड्या लावतात, मार्क पडतात. पण त्यातून पोरांच्या डोक्यात बसतं असं की एडिसन एक दिवस सकाळी उठला आणि दिवा लागला. त्याच १८७९ साली इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान स्वतःचा दिवा लोकांसमोर लावून दाखवत होता, आणि त्याच्याही कितीतरी आधी हम्फ्री डेव्हीने कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा झगझगीत झोत काढून दाखवला होता, तो इतका प्रखर की घरात लावणं शक्य नाही, म्हणजे पुढच्यांना अडचण कळली होती, उत्तर शोधायचं बाकी होतं. हे सगळं तक्त्यात एका रेघेत संपतं. आणि त्याहून मोठं म्हणजे त्या तक्त्यात समई नाही, अडकित्ता नाही, सोऱ्या नाही, जातं नाही, कारण उजव्या बाजूला लिहायला नावच नाही! पोराच्या घरात ज्या वस्तू रोज हाताळल्या जातात त्या कुणीतरी डोकं लावून बनवल्यात हे त्याला कधी कळतच नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. यावेळी ट्रॅव्हलचं पॅकेज नाही, एसटीची बस ठरवली, आणि दिवसभरात हे एकच ठिकाण. अडतीस पोरं, आम्ही तीन शिक्षक. कराडहून पुणे साधारण एकशे साठ किलोमीटर, सहाला निघालो, मध्ये नाश्ता करून साडेदहाच्या सुमाराला पोचलो. म्युझियम शुक्रवार पेठेत नातूबागेत आहे, बाजीराव रोडच्या जवळच. मोठी बस पार दारापर्यंत नेण्याचा हट्ट करू नका, रोडवर उतरून पोरांना चालत न्या.

जायच्या आधी आठवडाभर वर्गात तयारी केली आणि मी म्हणेन की अर्धं यश त्या आठवड्यात आहे. पोरांना दोनच प्रश्न दिले होते, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलेले. ही वस्तू नव्हती तेव्हा लोक काय करत होते? आणि ही आल्यावर कुठली नवीन अडचण आली? बस. नाव, साल, राज्य काही लिहायचं नाही. आणि दालनंही सगळी बघायची नाहीत, दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकाची भांडी आणि लिहिण्याचं सामान एवढंच नीट बघायचं, बाकी जाता जाता. शिवाय मी घरून एक मोठी पिशवी भरून नेली होती, ती बसमध्ये ठेवलेली. आत सगळं काचेच्या मागे असणार, ते असायलाच पाहिजे, पण सहावीच्या पोराला हात लावल्याशिवाय वस्तू कळत नाही. म्हणून आत बघायचं आणि बाहेर आल्यावर पिशवीतलं हातात घ्यायचं असा बेत होता.

दिव्यांपासून सुरुवात केली आणि तिथेच पाऊण तास गेला. इतके दिवे एका ठिकाणी मी तरी कुठे बघितले नाहीत. समया, साखळीला टांगायचे लामणदिवे, आरतीचे दिवे, पक्षी बसवलेले, हत्ती बसवलेले. पोरांना आधी नक्षीच दिसते, साहजिक आहे. मी एकच सांगितलं, नक्षी डोळ्यांनी पुसून टाका आणि मग काय उरतं ते बघा. तर उरतं काय, तेलाला एक खोलगट जागा, वातीला एक चोच, आणि धरायला किंवा टांगायला काहीतरी. एक पोरगा म्हणाला, "मॅडम सगळे दिवे एकच आहेत की". मला इतका आनंद झाला! पणतीपासून समईपर्यंत तत्त्व तेच, वातीतून तेल वर चढतं, केशाकर्षण म्हणून आपण ज्या धड्यात शिकवतो ते हेच. मग लामणदिवा टांगला का? तर खाली ठेवला की पायात येतो, उंदीर वात पळवतो, आणि उंच टांगला की उजेड लांब पडतो. ही उत्तरं पोरांनी दिलीत, मी नाही.

मग नवीन अडचण काय? वारा. काजळी. आणि उजेड कमी. इथे मी त्यांना बाहेर आल्यावर कंदील दाखवला, माझ्या आजोळचा, काच शाबूत असलेला. कंदिलाची काच काय फक्त वारा अडवायला असते असं सगळ्यांना वाटतं. १७८० च्या सुमाराला आर्गां नावाच्या स्विस माणसाने पोकळ गोल वात केली, म्हणजे ज्योतीला आतून पण हवा मिळेल, आणि त्यावर नळकांडं बसवलं, त्या नळकांड्यातून गरम हवा वर ओढली जाते आणि खालून ताजी हवा आत येते. चुलीच्या धुराड्याचंच तत्त्व. ज्योत एकदम स्वच्छ आणि मोठी झाली. पुढे १८५० च्या दशकात रॉकेल आलं आणि तेलाच्या दिव्यांचं सगळं गणित बदललं, कारण रॉकेल पातळ, वातीत भराभर चढतं, एरंडेलासारखं जड नाही.

पण खरी गंमत कंदिलाच्या बाजूच्या दोन नळ्यांची. तुम्ही घरी असेल तर काढून बघा. काचेच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या दोन पोकळ नळ्या वरून खाली जातात. अडतीस पोरांपैकी अडतीसही म्हणाले की त्या धरायला आहेत, काच सांभाळायला आहेत. त्या पोकळ कशाला मग? १८६० चं दशक संपता संपता अमेरिकेत जॉन अर्विन नावाच्या माणसाने हे केलं, ज्योतीला लागणारी हवा थेट खालून न घेता वरून या नळ्यांतून फिरवून आणायची, म्हणजे वाऱ्याचा झोत ज्योतीवर सरळ येतच नाही, वादळात पण कंदील विझत नाही. मी पोरांना कंदील हातात देऊन नळीवर नखाने टकटक करायला लावलं. पोकळ आवाज आला की चेहरे बघण्यासारखे होते. एका पोरीने नळी खाली कुठे जाते ते बोटाने वाट काढत काढत शोधलं आणि बर्नरच्या बुडाशी बोट थांबलं तिचं. त्या एका मिनिटासाठी मी पुन्हा दहा वेळा पुण्याला जाईन.

आणि आता आमच्या भागाची गोष्ट. आमचं कराड रेल्वे स्टेशन आहे ओगलेवाडीला. आमच्यातली निम्मी पोरं रोज ओगलेवाडी हे नाव घेतात. का ओगलेवाडी, हे एकालाही माहीत नव्हतं. शंभरेक वर्षांपूर्वी ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना काढला, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. ज्या काळात कंदिलाची काच परदेशातून यायची त्या काळात आपल्या गावाशेजारी ती बनायला लागली. पोरांच्या आज्यांना विचारा, 'प्रभाकर' म्हटलं की त्यांना बरोबर कळतं. हे पुण्यात म्युझियमच्या बाहेर झाडाखाली उभं राहून सांगताना माझा गळा भरून आला होता, कारण आमची पोरं शोध म्हटलं की अमेरिका म्हणतात.

गॅसबत्तीचं पण थोडं सांगितलं, लग्नात वरातीत डोक्यावर घ्यायचे ती. तिच्यातली जाळी, मेंटल, ती कापडाची असते आणि पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि फक्त राखेचा सांगाडा राहतो, तोच सांगाडा तापून पांढराशुभ्र उजेड देतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने १८८५ मध्ये ती शोधली आणि पुढे थोरियम वापरायला लागल्यावर ती चांगली टिकायला लागली, ते थोरियम आपल्या दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत मुबलक आहे. बल्ब आल्यावर पण ही बत्ती कितीतरी वर्षं टिकली कारण खेड्यात वीजच नव्हती. नवीन वस्तू आली म्हणजे जुनी लगेच गेली असं होत नाही, हे पोरांना इथे नीट कळलं.

काडेपेटीचा पाठ मी शाळेतच आधी उरकला होता, आत काडी पेटवणं शक्य नाही आणि करूही नये. तरी लिहिते कारण कुणाला उपयोग होईल. १८२६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने घासून पेटणारी काडी केली, त्याआधी घरोघरी चकमक, गारगोटी नाहीतर शेजारून विस्तव आणायचा. मग पांढरा फॉस्फरस वापरलेल्या काड्या आल्या, त्या कुठेही घासल्या तरी पेटायच्या, खिशात पेटायच्या, आणि कारखान्यात काम करणाऱ्या बायकांची जबड्याची हाडं सडायची. लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी १८८८ मध्ये संप केला होता. मग सेफ्टी मॅच, यात निम्मं रसायन काडीच्या टोकाला आणि लाल फॉस्फरस पेटीच्या कडेला, दोन्ही एकत्र घासले तरच पेटणार. म्हणून काडी भिंतीवर घासून पेटत नाही! पोरांनी वर्षानुवर्षं हे बघितलेलं, विचार कधी केला नव्हता. आणि पेटीवर शिवकाशी लिहिलेलं असतं ते का, तर १९२२ च्या सुमाराला तिथले दोन तरुण कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकून आले म्हणून. कारखान्यातल्या पोरींचं सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता. नवीन अडचण कुठली आली हा दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते मला त्या दिवशी समजलं.

अडकित्ते. मला वाटायचं पोरांना कंटाळा येईल, आता कोण सुपारी खातं. उलट झालं. घोड्याच्या आकाराचे, पोपटाचे, जोडप्याचे, पितळी, लोखंडी. सहावीला साधी यंत्रं आहेत, त्यात तरफ आहे, टेकू, भार, बल हे तीन शब्द पोरं पोपटासारखे म्हणतात. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये, हात दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या प्रकारची तरफ. म्हणजे सुपारी जितकी टेकूच्या जवळ तितकं बळ कमी लागतं, हे बाहेर आल्यावर प्रत्येकाने करून बघितलं, पिशवीत अडकित्ता होता आणि पावशेर सुपारी. आधी टोकाशी सुपारी धरून दाबली तर हलेना, मग बिजागरीजवळ सरकवली तर कट्कन फुटली. पिशवीत सांडशी आणि चिमटा पण होता. सांडशीत टेकू मध्ये, चिमट्यात बळ मध्ये. तिन्ही प्रकार आईच्या स्वयंपाकघरात आहेत आणि आपण पुस्तकातल्या सी-सॉच्या चित्रावर शिकवत बसतो, आमच्या गावात सी-सॉ आहे कुठे?

वजरी या वस्तूबद्दल दोन ओळी. आंघोळीच्या वेळी पाय घासायची, पितळेची, वर सुंदर आकार आणि खाली खरखरीत. पोरांना ओळखता येईना. एकाने सांगितलं घोड्याला खरारा करायचा असेल. मग एक पोरगी म्हणाली आमच्याकडे बाजारातला प्लॅस्टिकचा आहे, टाचा घासायचा, तसंच आहे हे. बरोबर! धरायला मूठ, खाली खरखरीत, शंभर वर्षांत कामात फरक पडला नाही, फक्त माल बदलला आणि नक्षी गेली. हे तिने स्वतः शोधलं. वहीत तिने दोन्हीची चित्रं शेजारी शेजारी काढलीत.

कुलपांपाशी मुलगे हलेनात. इथे माझ्या पिशवीतलं आजोबांचं पेचाच्या किल्लीचं कुलूप फार कामाला आलं. किल्लीला आटे असतात, ती स्क्रूसारखी फिरवत फिरवत आत घालायची, की आतली स्प्रिंग मागे ओढली जाते आणि कडी सुटते. उघडायला वेळ लागतो, अंधारात तर फारच. पोरांनी लगेच नवीन अडचण सांगितली, "मॅडम, घाईत असलो तर?" मग आजच्या कुलपाकडे आलो. किल्लीला ज्या खाचा असतात त्या आतल्या लहान लहान पिना बरोबर तितक्याच उचलतात, एक जरी कमीजास्त झाली तरी कुलूप फिरत नाही. ही कल्पना इजिप्तच्या लाकडी कुलपांत हजारो वर्षांपूर्वीची, आणि अमेरिकेतल्या येल बापलेकांनी एकोणिसाव्या शतकात ती धातूत लहान करून आणली. आपल्याकडे मुंबईला लालबागमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांपासूनच सुरुवात केली होती, कपाटं नंतर. माझं जुनं कुलूप परत मिळवायला मला बस सुटायची वेळ यावी लागली, इतकं ते हातोहात फिरत होतं.

लिहिण्याच्या सामानात दौती आणि कलमदानं आहेत, तिथे आम्ही कमी थांबलो पण तेवढ्यात बोरू, टाक आणि मग बॉलपेन एवढी साखळी लावली. बोरूने मोडी लिहिताना शाई ओली राहते म्हणून वर बारीक वाळू टाकायचे हे ऐकून पोरांना फार नवल वाटलं. बॉलपेन करणारा लास्लो बिरो हंगेरीतला पत्रकार होता, छापखान्यातली शाई लगेच वाळते हे त्याने बघितलं, पण ती घट्ट शाई साध्या निबेतून उतरेना, म्हणून टोकाला फिरणारी गोळी. १९३८ चं पेटंट. बाहेर आल्यावर एका संपलेल्या पेनाचं टोक भिंगाखाली दाखवलं. गोळी दिसते. दाखवाच.

स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी मात्र मी काहीच बोलले नाही आणि पोरीच बोलत होत्या. विळ्या, किसण्या, शेवया पाडायची साधनं, फिरकीचे तांबे. "आमच्या आजीकडे आहे" हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलं. पहिल्या सहलीत 'जुन्या वस्तू' होत्या, आता 'आजीच्या' झाल्या. दाबायचा सोऱ्या आणि दांडा फिरवायचा सोऱ्या यात काय फरक, तर फिरवायच्या सोऱ्याला आटे आहेत, तोच पेच जो कुलपाच्या किल्लीला होता, हे एका मुलाने जोडलं आणि मी त्याला तिथेच शाबासकी दिली. कुकरची गोष्ट मी बसमध्ये सांगितली, दनी पापँने १६७९ मध्ये लंडनला वाफ कोंडणारं भांडं दाखवलं, त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह पण त्यानेच लावला, आणि आपल्या घरात कुकर आला तो १९५९ नंतर. मधली दोनशे ऐंशी वर्षं कुठे गेली याचा विचार पोरांनी परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढेपर्यंत केला. कुणी म्हणालं चांगला पत्रा नव्हता, कुणी म्हणालं रबर नव्हतं, कुणी म्हणालं महाग असेल. तिन्हीत तथ्य आहे.

मस्तानी महाल पण इथेच आहे, कोथरूडचा मूळ महाल हलवून त्याचे भाग इथे उभे केलेत, फार देखणा आहे, पण आमच्या विषयाशी त्याचा संबंध नव्हता म्हणून पाच मिनिटांत बघून निघालो. वाद्यांचं दालन वेगळ्या दिवसाचा ऐवज आहे, ते पुढच्या वर्षी संगीताच्या सरांबरोबर करायचं ठरलंय.

एक गोष्ट मात्र घाई न करता सांगा पोरांना, आणि ती म्हणजे हे सगळं कुणी जमवलं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, चष्म्याचं दुकान चालवायचे, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे. राजवाड्यातल्या तलवारी सगळेच जमवतात, यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातले अडकित्ते, दिवे, फण्या, डबे जमवले, जे लोक भंगारात घालत होते. पत्नी कमलाबाईंची साथ होती. एका पोरीने मला दारातच विचारलं होतं, "मॅडम, राजा केळकर म्हणजे कुठले राजे?" राजा हा त्यांचा मुलगा. लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. १९६२ मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला, म्हणजे तुमच्या माझ्या. जिन्यापाशी उभं राहून हे सांगितलं तेव्हा आमच्या वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा म्हणाला, "मग हे सगळं त्याच्यासाठीच जमवलं असेल". मला उत्तर सुचलं नाही आणि मी दिलंही नाही.

आता व्यवहाराचं. तिकीट आणि वेळ आधी फोन करून विचारून घ्या, शाळेचं पत्र सोबत ठेवा. तीन मजले आहेत, पाय दुखणारे शिक्षक असतील तर आधीच कामं वाटून घ्या. एका वेळी बारा-तेरा पोरांच्या वर गट करू नका, एका कपाटापुढे तेवढीच मावतात आणि मागच्याला दिसलं नाही की तो दंगा करणार, त्याची चूक नाही. गट वेगवेगळ्या दालनांतून सुरू करा, तिन्ही गट दिव्यांपाशी एकदम नको. जेवण आमच्या एका मैत्रिणीच्या शाळेच्या पटांगणात केलं, तुम्हीही जवळच्या एखाद्या शाळेत विचारा, कुणी नाही म्हणत नाही. आम्हाला आत तीन तास आणि बाहेर पिशवीला एक तास लागला. पिशवीतल्या वस्तू नवीन विकत आणू नका, घरातल्याच घ्या, वापरून झिजलेल्या. अडकित्त्याला धार असते, तो मोठ्या माणसाच्या हातातून हातात द्यायचा.

परत आल्यावर अभ्यास एकच दिला. घरातली कुठलीही जुनी वस्तू निवडा, चित्र काढा, ती कशी चालते ते लिहा, नसती तर काय केलं असतं ते लिहा, आणि शेवटी तक्त्यासारखाच एक रकाना, 'शोध कुणी लावला'. अडतीसपैकी पस्तीस वह्या आल्या. कुणी जातं केलं, कुणी स्टोव्ह, पिन मारायची ती सुद्धा चिकटवून आणली. सगळ्यात जीव लावून केलेली वही एका शेतकऱ्याच्या मुलाची, त्याने आजीचा तांब्याचा बंब केला. आतून कापून दाखवल्यासारखं चित्र, मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, वरून गार पाणी ओतायची नळी पार तळापर्यंत गेलेली, आणि गरम पाण्याची तोटी वरच्या बाजूला. शेजारी लिहिलंय, गार पाणी जड म्हणून खाली जातं आणि तेवढंच गरम पाणी वरून बाहेर येतं, एक तांब्या ओता एक तांब्या घ्या, म्हणून बंब कधी रिकामा होत नाही आणि करपत नाही. अभिसरणाचा धडा आम्ही अजून घेतलेला नव्हता. त्याने आजीच्या शेजारी बसून, बंबात हात घालून हे शोधून काढलं होतं.

'शोध कुणी लावला' या रकान्यात त्याने लिहिलंय, "नाव माहीत नाही. पण बंबावर हातोडीचे ठोके दिसतात".

ते हातोडीने ठोके मारायचं काम, मठारकाम म्हणतात त्याला, पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत अजून चालतं, म्युझियमपासून फार लांब नाही. या वर्षी आम्ही सकाळी म्युझियम आणि दुपारी तांबट आळी असं ठरवतोय. बंबवाल्या मुलाला आजीने सांगून ठेवलंय की आपल्या बंबाची तोटी गळते, तिथे विचारून ये.